टाइल्सवर चुना

गंगापूर रोड, नाशिक
११ मार्च २०२५

चि. वाल्मीकास,
अनेक आशीर्वाद. (दातओठ खात दिलेत, तेवढं लक्षात असू दे.)

फोन केला की तू चर्चच्या कामावर असतोस आणि ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र. हे मध्येच ठेवता येणार नाही.

काल बाजारात चर्चमधली मालनबाई भेटली. तिच्याकडून कळलं की आपल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतींना खिडकीपर्यंत चकचकीत टाइल्स बसवणार आहेत. छप्पर गळतं, ते बदला. वायरिंग बदला. त्याला कोण नाही म्हणतंय? पण ईस्टरच्या आधी आपल्या बायका त्या भिंतींना चुना देतात, प्रत्येक घराचा भाग ठरलेला आहे, हे दुरुस्ती समितीचा सचिव असून तू विसरलास का? लहानपणी त्याच चुन्यात हात घालून बोंबलत घरी आला होतास. कोपऱ्यापासून पन्हाळीच्या पाइपापर्यंतची भिंत आपल्या घराची. आईचा खांदा गेल्यापासून ती मी रंगवते. मग हे कुणाला विचारून ठरवलंत?

आईला फ्रीजचं पाणी देऊ नका. सुवर्णाला आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या बाजूला ठेवलाय.

तुझी ताई,
संजना


देवळाली कॅम्प
१७ मार्च २०२५

ती. संजनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी सुवर्णाच्या हाती पडलं. तेव्हापासून या घरात माझ्या भाजीत मीठ नसतं.

ताई, त्या भिंतीला ओल येते. दर पावसाळ्यात पोपडे निघतात. बायकांनी दरवर्षी उन्हात राबायचं आणि पावसानं ते धुऊन न्यायचं, हे किती दिवस चालायचं? त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून टाइल्स मीच सुचवल्या. कौतुक राहिलं बाजूला, शिव्या खातोय. मीटिंगमध्ये एकानंही हरकत घेतली नाही. बायका मीटिंगला नव्हत्या हे खरं. त्या चहा करत होत्या.

आणखी एक, राग आला तर येऊ दे. तुझं लग्न रजिस्टर झालं, चर्चमध्ये झालं नाही. पॅरिशच्या कुटुंबांत तुझं घर धरत नाहीत. तू येतेस, मागे बसतेस, कोणी काही बोलत नाही. पण समितीनं तुला विचारायला हवं होतं म्हणणं जरा जास्तच होतं.

काम सुरू झालं आहे. आई बरी आहे, तुझी आठवण काढते. राग आवरावा, माया आटू देऊ नये.

तुझा,
वाल्मीक


गंगापूर रोड
२१ मार्च २०२५

वाल्मीक,
आशीर्वाद गृहीत धर, लिहायला हात उठत नाही.

‘कोणी काही बोलत नाही’ असं लिहिलंस. उपकारच झाले म्हणायचे! रविवारच्या मिस्सेत सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठतात, मला तो मिळत नाही म्हणून मी बाकावर बसून राहते आणि माणसं माझे गुडघे ओलांडून जातात. तू पण जातोस. तेव्हा तुझी नजर कुठे असते ते मला ठाऊक आहे.

बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, होणाऱ्या जावयानं, भिकननं, बाप्तिस्मा घेतल्याशिवाय चर्चला हे लग्न चालणार नाही. मी ते यांच्या कानावरही घातलं नाही. यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. ती माझ्यासाठी सोडा, असं कोणत्या तोंडानं सांगू? यांनी मला कधी चर्चला जाऊ नको म्हटलं नाही. भिंतीच्या दिवशी चुना हेच भिजवून देतात.

त्या चर्चमध्ये माझी म्हणून एवढी एकच जागा होती. तिला हात लावायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. वर्षातून एक सकाळ मी तिथली असायचे. तुला ओल दिसली, पोपडे दिसले, बहीण दिसली नाही.

हे पत्र आईला वाचून दाखव. गाळून वाचू नकोस. पुढचं काही लिहिण्यासारखं नाही.

संजना


देवळाली कॅम्प
१४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं, न गाळता. परवा शनिवारी, उद्या झावळ्यांचा रविवार म्हणून आम्ही मंडप बांधत होतो, तर आई मालनबाईला आणि इतर बायकांना घेऊन बादल्यांसकट हजर. आपल्या भागापुढे उभी राहिली आणि नव्या कोऱ्या टाइल्सवर कुंचा ओढायला लागली. खांदा वर जात नव्हता, तरी. चुना टाइल्सवरून ओघळून फरशीवर. ठेकेदार ओरडतोय, लोक जमलेत, समितीच्या सचिवाची अब्रू बादलीत. मी आईवर ओरडलो, ताई. सगळ्यांसमोर ओरडलो.

फादर धावत आले. म्हणाले की आजी, टाइल्सवर चुना धरत नाही. आई म्हणाली की ते तिला फादरांच्या जन्माआधीपासून माहीत आहे, फादर बाहेर यावेत म्हणूनच तिनं चुना आणला. बाहेरची भिंत काढून घेतलीत, मग आता माझ्या लेकीला आत जागा द्या, असं तिनं सरळ सांगितलं.

फादर नवे, त्यांना तुझी हकिगत ठाऊक नव्हती. मी सांगितली. बाप्तिस्म्याचं ऐकून ते म्हणाले की असा नियमच नाही. दाजींनी बौद्धच राहावं. बिशपांची परवानगी मागायची, दोघांनी चर्चमध्ये पुन्हा वचन द्यायचं, एवढंच. मग हे सांगितलं कोणत्या फादरांनी, असं त्यांनी विचारलं. आई बादलीची कड धरून म्हणाली की बाबा कधी विचारायला गेलेच नव्हते. कोणत्याच फादरांनी सांगितलं नव्हतं, ताई. बाबांनी सांगितलं होतं. आणि आपल्यापैकी कुणी चर्चमध्ये जाऊन विचारलं नाही.

मला इतका राग आलाय की तो कुणावर काढू ते कळत नाही. बाबा तर फोटोत आहेत. ईस्टरनंतर फादरांनी तुम्हा दोघांना बोलावलं आहे. आज तुमच्याकडे जयंतीची गडबड असेल. दाजींना माझा जय भीम सांग. कधी सांगितला नव्हता.

तुझा,
वाल्मीक


गंगापूर रोड
१७ एप्रिल २०२५

चि. वाल्मीकास,
अ. आ.

तुझं पत्र यांना दिलं. चष्मा लावून यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं की म्हणजे एवढी वर्षं फक्त जाऊन विचारायचं होतं का?

आम्ही येऊ. फादरांना तसं कळव, आणि आईच्या खांद्याला तेल लाव. पण त्या दिवशी माझ्याकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा कुणी ठेवू नये.

तुझी ताई,
संजना