मिशीवाली हडळ

मंगरूळपीर, ९ जानेवारी १९३९
तंबूतल्या टॉकीजमध्ये भुताचं पिक्चर पाहिलं. बाया किंचाळल्या. मी शांत. माझ्यात डायरेक्टर आहे हे तिथेच कळलं. सासऱ्यांनी विजयमालाला माहेरी, इंझोरीला नेऊन ठेवलंय. म्हणतात, "जवाई कामाले लागले का पोरगी धाडतो." आता दाखवतोच काम. उद्यापासून पहाटे उठून स्टोरी लिहिणे.

११ जानेवारी
उशिरा उठलो. स्टोरी डोक्यात घट्ट आहे, कागदावर आली की पातळ होते. फोटोग्राफर जमशेदकडे हाताने फिरवायचा जुना कॅमेरा आहे. पिक्चर मुकं निघेल. उत्तमच. खरी भीती मुकीच असते.

१७ जानेवारी
हडळीच्या पार्टसाठी बाई मिळेना. शेजारच्या रामीबाईंना विचारलं, त्यांनी केरसुणी उचलली. शेवटी चुलतभाऊ जगदेव कबूल झाला, पण मिशी काढत नाही. म्हणाला, "बाप जित्ता हाये, मिशी कायले काढू?" पदर पुढे ओढून घेऊ. भ्यालेला माणूस ओठांकडे बघत नाही.

२२ जानेवारी, दुपार
अमावस्येच्या मध्यरात्रीचा सीन घेतला. ऊन कडक. जमशेद म्हणतो, प्रिंट काळपट काढू. मागे शेतात बाया कापूस वेचून राहिल्या होत्या. हडळ झडप घालणार तोच एकीने हात हलवून विचारलं, "जगदेवभाऊ, लुगडं कोनाचं?" मुकं पिक्चर, हरकत नाही. हीरो मीच. पळताना हडळीच्या पदरात पाय अडकून शेणात पडलो. जमशेद हँडल फिरवतच राहिला. तो तुकडा कापणे.

५ फेब्रुवारी
तुकडा कापायचा राहिला. पण वास काही पडद्यावर येत नाही.

१२ फेब्रुवारी
शो झाला. टॉकीजवाले फय्याजभाई यांनी मेन पिक्चरच्या आधी लावलं. सासरे सहकुटुंब हजर. हडळ आली आणि तंबू हसायला लागला. भीती अती झाली की माणूस हसतो, हे शास्त्र आहे. मध्यरात्री कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या तेव्हा तर लोक फारच भ्याले. माझं पडणं पब्लिकने पुन्हा मागितलं, फय्याजभाईंनी पुन्हा लावलं. सासरे डोळे पुसत होते. बहुतेक काळजीने.

१३ फेब्रुवारी
फय्याजभाईंनी बोलावलं. दुसरं पिक्चर काढायचं म्हणाले, हसवायचं. मी म्हणालो, माझा मूळ विचार तोच होता. हिरोईन जगदेव, डायरेक्टर जमशेद, असं त्यांनी ठरवूनही टाकलेलं. माझं काय, विचारलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "दारावर मानूस कमी पडून राह्यला."
विचार करायला वेळ मागणार होतो. मागितला नाही.

१९ फेब्रुवारी
नोकरी लागल्याचं कळताच सासऱ्यांनी विजयमालाला धाडलं. संध्याकाळी ती टॉकीजवर आली, हडळ अजून चालूच आहे. रांगेत पुढच्या बाईला सांगत होती, "आमच्या जगदेवभाऊजींचं पिक्चर हाये." मग माझ्यापुढे तिकीट धरलं. म्हणाली, "फाडा लवकर, सुरू होऊन जाईन."
फाडलं.