पाळणा संपल्यावरचं नाव

। श्री वीतरागाय नमः ।

निपाणी,
ता. २६ नोव्हेंबर १९०९

गं. भा. ती. अक्काताईस,
धाकट्या राजमतीचा शि. सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचले. टांग्यानं संकेश्वरापर्यंत हाडं खिळखिळी केली. सासूबाईंनी दिवाळीचे डबे उघडले, तर करंज्या सगळ्या फुटलेल्या. बेळगावच्या लोकांना कड मुरडता येत न्हाय व्हय, म्हणाल्या. मी हसले. एवढं हसलेलं इथं चालतं.

आता खरं लिहिते. पत्र कुणी वाचेल ही भीती बाळगू नकोस. घरातल्या सगळ्यांची पत्रं मामंजी दुकानात गादीवर फोडतात. तुझं मात्र सासूबाई टपालवाल्याकडून आपण घेतात आणि न फोडता माझ्या पुढ्यात टाकतात. त्यांना वाचता येत नाही, आणि बहिणीची रडगाणी दुसऱ्याकडून वाचून कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं.

आक्का, कॅम्पातल्या त्या बंगल्यात रेकॉर्ड भरताना शेवटी माझ्या तोंडून काय गेलं? आईचा पाळणा आईसारखाच म्हटला, एवढं मला आठवतं. मग साहेबानं हात वर केला आणि मी काहीतरी बोलले. घरी परतताना टांग्यात तू पदर तोंडात धरून हसत होतीस, म्हणून विचारायचं राहिलं. ठरलेलं 'मिस कमळा' हेच म्हटलं ना? कालच मामंजी पंगतीत म्हणाले, की हल्ली बायका भोंग्यापुढं उभ्या राहून गातात. आपल्या घरातली अशी निघाली तर तिला उंबऱ्यावरूनच माहेरी परत पाठवीन. ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण माझ्या हातातलं ताक सांडलं.

लवकर लिही. माझ्यावर माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
राजमती


खडेबाजारामागची गल्ली, बेळगाव,
ता. ५ डिसेंबर १९०९

चि. सौ. ब्राह्मीस,
अक्काताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खाली 'राजमती' अशी सही पाहून क्षणभर वाटलं, टपालवाल्यानं परक्याचं पत्र दिलं. लग्नात त्यांनी तुझं नाव बदललं, ते त्यांना लखलाभ. मला लिहिताना तरी जुनं वापरत जा.

तुझी इच्छा आहे तर खरं तेच सांगते. रेकॉर्ड कंपनीच्या मुनशीनं तुला पढवलं होतं, की पाळणा संपला रे संपला की 'मिस कमळा, बेळगाव' म्हणायचं. मेणाच्या तबकड्या जर्मनीला जातात, तिथल्या माणसांना कुठला आवाज कुणाचा हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक गाणारी शेवटी आपलं नाव सांगते. तू मान डोलावलीस. पण साहेबानं जो हात वर केला, तो थेट आपल्या मदरसारखा. आठव, शाळेत पाहुण्यांपुढं कविता झाली की मदर असाच हात वर करायच्या, आणि आपण टाचा जुळवून नाव आणि इयत्ता सांगायची, मग गुडघा वाकवायचा. तू टाचा जुळवल्यास, आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, 'ब्राह्मी नेमिनाथ लेंगडे, इयत्ता पाचवी.' वर गुडघाही वाकवलास. तो तेवढा मेणात उतरला नाही.

लग्न झालेली बाई आणि इयत्ता पाचवी! अजून आठवलं की वर्गात फळ्याकडे तोंड करून हसते.

मुनशी म्हणाला, मेण एकदा कोरलं की पुसता येत नाही. वरच्या कागदावर मिस कमळाच छापणार आहेत. तू घाबरू नकोस. वाढदिवसाला काय हवं म्हणून मी विचारलं, तेव्हा तू लुगडं मागितलं नाहीस, आईचा पाळणा कुठंतरी टिकू दे म्हणालीस. तो टिकला. आणि निपाणीत तो कोण ऐकणार आहे?

मी बोडकी मास्तरीण शाळेतून घरी, घरातून शाळेत. तुझी पत्रं हाच माझा वारा. जपून राहा, आणि विसरू नकोस.

तुझी,
आक्का


निपाणी,
ता. २० ऑक्टोबर १९१०

गं. भा. ती. अक्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

निपाणीत कोण ऐकणार, असं तू विचारलं होतंस. सगळ्यांनी ऐकलं.

मामंजींनी दसऱ्याला कोल्हापुराहून ग्रामोफोन आणला. सोनेरी काठाचा भोंगा, खाली लाकडी कपाट. नाटकातल्या पदांच्या रेकॉर्डी घरात लावायला संकोच वाटला, म्हणून दुकानदाराला कळवलं, की आमच्या जैन लोकांच्या उपयोगाचं काही असेल तर पाठवा. परवा भर दुपारी पार्सल आलं. भगवंतांच्या जन्मकल्याणकाचा पाळणा. मिस कमळा.

संध्याकाळी सोप्यात तंबाखूचे व्यापारी आणि त्यांच्या बायका जमल्या. भरमा म्हणून आमचा जुना गडी आहे, त्यानं चावी दिली. सासूबाई यंत्राला खेटून बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड पानसुपारीचं तबक घेऊन उभी. आक्का, आपलाच आवाज समोरून यावा आणि आपण ओठ मिटून उभं राहावं, हे काय असतं ते तुला कसं सांगू? आईची ती मुरकी आली, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. आणि मला फक्त शेवट दिसत होता. पळून जावं तर वाट सोप्यातूनच. शेवटचं कडवं उतरलं, आणि दाराआड माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

तेवढ्यात सासूबाईंनी हात घालून सुई उचलली. गाणं सपलं, आता उगं सुई कशाला झिजवायची, म्हणाल्या. मामंजी म्हणाले, काय गळा आहे, पुण्यवान बाई असणार. त्यावर सासूबाई म्हणाल्या, गळा हाय, पर कुठली कोन जाणे. आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली.

त्यांना ठाऊक आहे की काय? की नुसती सुईची काटकसर? विचारणार कशी?

लोभ आहे, तो असाच माझ्या पाठीशी उभा राहू दे.

तुझी,
राजमती


बेळगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९१०

चि. सौ. ब्राह्मीस,
वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाळेच्या दाखल्यात तुझी जन्मतारीख लिहिली, म्हणून निदान मला तरी ती ठाऊक. दर साली या तारखेला मी लिहीन. तिथं कुणी ओवाळणार नाही, तेव्हा या पत्रालाच निरांजन समज.

तुझ्या सासूबाई एकतर पक्क्या चिकट असतील किंवा पक्क्या शहाण्या. मला दुसरं वाटतं. चिकट बाई गाणं अर्ध्यावर थांबवेल, नेमकं शेवटाला नाही.

आता मोठी बातमी. मुनशी पुन्हा आला होता. पाळण्याच्या रेकॉर्डी चांगल्या खपल्या. फेब्रुवारीत साहेब परत येतोय, आणखी चार पदं हवीत. मुनशी मला पाहताच म्हणाला, आमच्या पाचवीतल्या मुलीला घेऊन या. आईची सगळी पदं तुलाच येतात. मला स्वर धड लागत नाही. माझं आजारपण सांगून तुला बोलावून घेऊ का? खोटं बोलायचं पाप मी घेते.

उत्तराची वाट पाहते. प्रकृतीला जप, मला धरून राहा.

तुझी,
आक्का


निपाणी,
ता. ११ जून १९११

गं. भा. ती. अक्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. माहेरी जाऊ का म्हणून मी विचारलं होतं. सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, ह्या साली न्हाय. तंबाखूचा हंगाम हाय, आनि तुझी अशी अवस्था. आई न्हाय, मग माहेरी बाळंतपण कोन करनार? त्यांचं चूक नव्हतं. पुढच्या साली साहेब येईल तेव्हाही काहीतरी हंगाम असेलच.

मुलगा झाला. काल बारसं झालं. मामंजींनी हौसेनं ग्रामोफोन पाळण्याशेजारी मांडला. बायकांनी बाळाला पाळण्यात ठेवलं आणि भरमानं तीच रेकॉर्ड लावली. माझ्या बाळाला माझा आवाज पाळणा म्हणत होता, आणि मी दोरी हातात धरून गप्प. एकटी असतानासुद्धा मी त्याच्यापाशी गुणगुणत नाही. इथं सगळ्यांना ती रेकॉर्ड पाठ झाली आहे, एखादा कान जुळवून बघेल. शेवटाला सासूबाईंचा हात वर गेला. नेमक्या वेळी. तो कधी आधी जात नाही, कधी मागं राहत नाही.

त्या मला वाचवतात की कनवटीच्या किल्लीबरोबर बांधून ठेवतात, मला कळत नाही. कदाचित दोन्ही एकच असेल. तो शेवट कुणी ऐकू नये म्हणून मी जीव मुठीत धरते. आणि कधी कधी वाटतं, आज यांचा हात चुकावा.

मुनशीला सांग, पाचवीतली मुलगी शाळा सोडून गेली.

तू मात्र लिहीत राहा.

तुझी,
राजमती


बेळगाव,
ता. १७ नोव्हेंबर १९३६

चि. सौ. ब्राह्मीस,
आणखी एका वाढदिवसाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या हाती उद्याच पडावं म्हणून पत्र एक दिवस आधी टाकते. शाळेनं मला निरोप दिला. मुलींनी हार घातला, मदरनी शाल दिली. आता खिडकीत बसून खडेबाजारातल्या हॉटेलचा रेडिओ ऐकते. नव्या गाणाऱ्या शेवटी नाव सांगत नाहीत, ते आधीच दुसरा कुणी सांगतो. परवा कॅम्पात जाऊन तो बंगला पाहिला. तिथं आता कचेरी आहे, अंगणात सायकली.

मनात एक येतं, ते लिहिते. तुझा पाळणा त्या दिवसानंतर मी ऐकलाच नाही. माझ्याकडे यंत्र नव्हतं, आणि पुढं ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. तुमच्याकडची अजून वाजते का? मामंजी गेले, घराचा कारभार तुझ्या हाती आला, पण ती किल्ली अजून सासूबाईंच्याच कनवटीला असेल, असं वाटतं.

डोळे अधू झालेत, अक्षर सांभाळून घे. आहे तोवर लिहिते, आहेस तोवर वाच.

तुझी,
आक्का


निपाणी,
ता. १९ नोव्हेंबर १९३६

गं. भा. ती. अक्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं, आणि कालच हे घडलं.

सासूबाईंना आता दिसत नाही. तरी टपालवाल्याची हाक आली की त्याच हात पुढं करतात. पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, दिवाळीच्या मागनं दर साली तुझ्या बहिणीचं हे पत्र येतंया. आज तुझा जन्मदिस न्हवं? मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मग कनवटीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली, आणि पाळणा लाव म्हणाल्या. मी म्हटलं, आत्याबाई, आज सण नाही. त्या म्हणाल्या, लाव.

घरची स्वारी झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होती. नवी सून तांदूळ निवडत होती. मी सुई टेकवली.

आक्का, पाळणा राहिलेला नाही. दर जन्मकल्याणकाला, दर बारशाला, घरात कुणी पाहुणा आला की, अशी वाजून वाजून तबकडी झिजून गेली आहे. कढईत पापड तळावा तसा आवाज, आणि त्यामागं लांब कुठंतरी एक बाई. आईची मुरकी तर केव्हाच गेली. शेवट जवळ आला, तशी मी सासूबाईंच्या हाताकडे बघितलं. तो मांडीवरच होता.

आणि मग, इतकी वर्षं सुई जिथं गेली नव्हती, तिथं ती गेली. तिथं तबकडी कोरी करकरीत. एक मुलगी खोलीत उभी असल्यासारखी बोलली, 'ब्राह्मी नेमिनाथ लेंगडे, इयत्ता पाचवी.'

वर्तमानपत्र खाली आलं नाही, पण पानही उलटलं नाही. सून तांदूळ सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सासूबाई मुलाला म्हणाल्या, 'ऐकलंस न्हवं, शांतू? तुझी बायकू हाय ती.' स्वारी उठली, टोपी घातली. दारात पाठमोरी उभी राहून मला विचारलं, पाचवीच का, पुढची का नाही. मी म्हटलं, लग्न ठरलं. तेवढं ऐकून दुकानात जाणं झालं.

मग सासूबाईंनी सांगितलं. पार्सल आलं त्या दुपारी भरमाकडून लावून त्यांनी आधी एकटीनंच ऐकलं होतं. शेवटी माझं माहेरचं नाव आलं. भरमाला देवाची शपथ घातली, आणि ठरवलं, की मी हाय तंवर हे नाव ह्या पेटीच्या भाइर जायचं न्हाय. आता मालक गेले, भ्यायचं कुनाला? मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, 'सांगितलं असतं तर तू गायाला गेली असतीस. आनि मी तुला जाऊ दिलं असतं.'

मला राग यायला हवा होता. आला नाही, की फार जुना होऊन गेला, कोण जाणे.

मग त्यांनी विचारलं, की ते नाव आत घालतात कसं. मी सांगितलं, की भोंग्याच्या अगदी जवळ तोंड न्यायचं आणि मोठ्यानं बोलायचं. त्या चाचपडत उठल्या. दोन्ही हातांनी आपल्या ग्रामोफोनचा भोंगा धरला, त्यात तोंड घातलं, आणि म्हणाल्या, 'रत्नव्वा. चिकोडीची.'

इतकी वर्षं या घरात त्यांना जयाबाई म्हणतात. मला वाटायचं, त्या जन्मल्याच जयाबाई.

बसल्यावर त्यांनी विचारलं, की गेलं का गं आत. या यंत्रातून आवाज नुसता बाहेर येतो, आत काही जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. गेलं म्हटलं. मग त्यांच्या सांगण्यावरून कपाटाला कुलूप घातलं, आणि किल्ली परत त्यांच्या कनवटीला लावली.

तू ये. पाळणा ऐकायला नाही, तो आता फक्त तुझ्या-माझ्या डोक्यात आहे. शेवट ऐकायला ये.

तुझी,
ब्राह्मी