लागला का हाताला?

तीर्थरूप बाबा,

दोघांच्या पाया पडतो. मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो. हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिचे गुडघे कसे आहेत?

इथे माझं काम म्हणजे बंद खोलीत बसून फुटबॉल बघणं. समोर बारा पडदे. मैदानातल्या पंचाला शंका आली, की आम्ही तोच क्षण मागेपुढे फिरवून त्याच्या कानात निकाल सांगतो. खेळाडूला कुणी विचारत नाही.

तुम्ही पंच असताना विचारायचात. गावच्या त्या अंतिम सामन्यात मी चेंडू जाळ्यात घातल्यावर ऑफिसची पँट दुमडून धापा टाकत माझ्यापाशी आलात नि म्हणालात, "खरं सांग, लागला का हाताला?" मी नाही म्हणालो. तुम्ही गोल दिलात. मग गावभर झालं, पंचाने पोराला जिंकवलं. शिट्टी खुंटीला टांगलीत, ती कायमची.

काल तसाच एक गोल झाला. अकरा वेळा फिरवून बघितला. दरवेळी तुमचाच चेहरा दिसला.

बाबा, लागला होता.

हेही आईला मोठ्याने वाचून दाखवा. "माझं पोर खोटं बोलायचं नाही" म्हणत ती शेजारणींशी भांडली होती. आणि ती शिट्टी आता खाली काढा.

तुमचा,
धाकटा