फोकसच्या चाकावरचा केस

मी, वय वर्षे बहात्तर, धंदा घड्याळदुरुस्ती (दुकान आता बंद), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर मोठे आहे, त्याचे कारण कलम चारमध्ये येईल. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो देताना ते दोनदा हसले, का ते सांगितले नाही. माझी आधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, मागच्या अंगणासह, पत्नीला, तिच्यानंतर मुलीला. मुलगी वर्षभर म्हणते आहे, "बाबा, दोघंही आमच्याकडेच राहायला या." एवढे प्रेम अचानक कुठून आले ते कळत नाही. म्हणून पत्नी हयात असेपर्यंत हे घर कोणालाही विकता येणार नाही.

२. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना काहीही नाही. मी ज्यांचे फोटो काढतो ते तेजोमेघ म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला वायू. तो इतका पुसट असतो, की दहा-दहा मिनिटांचे शंभरेक फोटो एकावर एक रचावे तेव्हा कुठे एक कडे दिसते. नेमके तेव्हाच हेडमास्तर मागच्या दारचा दिवा लावतात. विचारले तर म्हणतात, "मांजर पायात येतं हो." नऊ वर्षांत ते मांजर मला एकदाही दिसलेले नाही.

३. दुकानाची सगळी हत्यारे धाकट्या भावाला. याचा खुलासा करणे भाग आहे. अंगणातल्या दुर्बिणीचा फोकस लावून मी आत येऊन झोपतो. पुढचे काम कॅमेरा आपला आपण करतो. फोकसच्या चाकावर पेन्सिलीने खूण करून ठेवायची माझी सवय. तीनेक वर्षांपूर्वी सकाळी ती खूण सरकलेली दिसू लागली. मागच्या फाटकाची किल्ली भावाकडे असे. चार लोकांसमोर मी त्याला नाही नाही ते बोललो आणि किल्ली काढून घेतली. त्याने उलट उत्तर दिले नाही, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. किल्ली घेतल्यावरही खूण सरकतच राहिली, हे मात्र मी त्याला कळवले नाही. चूक माझी होती आणि तिची मला लाज वाटते. तरीही बारीक टोकाचा चिमटा त्याच्याकडेच आहे. तो त्याने आधी डब्यात परत ठेवावा, मग डब्यासकट घेऊन जावा.

४. दुर्बीण, कॅमेरा, संगणक आणि सगळे फोटो पत्नीला. ती म्हणेल, "मला काय करायचेत ते धुराचे डाग?" तिच्यावर विश्वास ठेवू नये.

खूण सरकते म्हटल्यावर मी तिला विचारले होते, "चाकाला कोण हात लावतंय?"

"कोण लावणार? हेडमास्तरांचं मांजर असेल."

"मांजराला फोकस कळतो?"

"तुम्हाला कळतो ना, मग झालं."

म्हणून मी सापळा लावला. डोक्यावरचा एक केस उपटून चाकावर डिंकाने आडवा चिकटवला. सकाळी केस जागेवरच होता. बोट फिरवले, तर तो संपेचना. माझे केस दोन बोटे लांब आहेत. हा हातभर निघाला.

आता जे कोणाला सांगितलेले नाही ते लिहितो. तीन वर्षे झाली, मी जिथे बघतो नेमके तिथलेच दिसत नाही. कडेचे दिसते, मधले पुसले गेले आहे. पुसट वस्तू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची आम्हा दुर्बीणवाल्यांना सवयच असते, म्हणून ते खपून गेले. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकान बंद केले, असे सांगितले; तेही खपले, असे मला वाटत होते. खात्री करण्यासाठी एकदा चाक मुद्दाम अर्धा फेरा चुकीचे फिरवून ठेवले. पहिल्या फोटोत तारे वाटाण्याएवढे आले. दुसऱ्यापासून सुईच्या टोकाएवढे. पत्नीने उभा जन्म शिवणकाम केले आहे.

म्हणजे तीन वर्षांत माझा एकही फोकस बरोबर नसणार, आणि फोटो एकही बिघडला नाही. त्या सकाळी मी अंगणात बसून रडलो. तिला काही बोललो नाही. बोललो असतो तर माझे डोळे गेल्याचे दोघांनाही कबूल करावे लागले असते, आणि मला दुर्बिणीपाशी जाता आले नसते. तेव्हापासून चाकावर केस लावणे मात्र बंद केले आहे.

भिंतीवरच्या निळ्या कड्याच्या फोटोखाली माझ्या नावाच्या आधी तिचे नाव लिहावे.

५. वारसाला साक्षीदार होता येत नाही, म्हणून पत्नीला मघाशी बाहेर पाठवले आहे. सहीचे शेवटचे पान मी कालच तळाशी रेघ मारून ड्रॉवरमध्ये ठेवले होते, कुलूप लावून. आता काढले, तर त्या रेघेवरून बारीक टाके घातलेले आहेत, बोटाला लागतील असे. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली होती. माझा संशय एकाच व्यक्तीवर आहे. चौकशी करू नये.

स्थळ: घराची मागची खोली, दार लावून.
दिनांक: ९ नोव्हेंबर.

(सही)

साक्षीदार: १. शेजारचे हेडमास्तर. २. दाखला देणारे डॉक्टर.

सही आमच्या दोघांच्या समक्ष झाली. ती बरोबर टाक्यांवर बसली आहे.