कडेची रेघ

३ मार्च ६२, अमरावती
मालतीचा पुढचा दात पुन्हा. हिवाळ्यात मीच भरला होता. भरणाच्या कडेला बारीक काळी रेघ. सुईचं टोक आत जातं. म्हणजे भरण दाताला धरून नाही. लाळ शिरते, आतून कीड. मला शिकवलेले अकोल्याचे सर म्हणतात, काढ आणि खोटा बसव. मालती तयार नाही. मीही नाही. दातांच्या डॉक्टरची बायको, आणि लोकांसमोर हसायची बंद झालीय. म्हणते, "तुमच्या दवाखान्याची जाहिरात कशाला?"

९ मार्च
मुंबईहून बाटली आली. भरण्याआधी खळग्याला आतून लावायचं पातळ औषध. पत्रकात लिहिलंय, दाताला घट्ट चिकटतं. पत्रकात काय...
ते आधी लोकांच्या काढलेल्या दातांवर करून पाहायचं. भरायचा, शाईत ठेवायचा, मग फोडायचा. निळं आत गेलं की हरलो. पण दात मिळत नाहीत. अचलपूरकडच्या एका शेतकऱ्याने काढलेली दाढ रुमालात बांधली. "माही दाढ इथं काहून ठेवू? तुमी तिचं काय करता?" शाईत बुडवतो, म्हटलं. "मंग तं देतच नाही."

२८ मार्च
थोडे दात जमले. काही नवं औषध लावून भरले, शाईत ठेवले. आज फोडले. शाई बाहेरच. भिंगातून पुन्हा पाहिलं. बाहेरच.
मालतीला म्हटलं, हे चिकटतं. तिचा दात भरला. आरशात पाहून हसली, तोंडावर हात न धरता.

११ मे
रेघ. तीच जागा.
खळगा कोरडा होता. कापूस नीट होता. घाई केली नव्हती. मग काय? मालतीवरच ओरडलो, काय खातेस तू?
"तुम्ही खाता तेच."

१४ मे
बडनेऱ्याला मेहुण्याकडे. ऊन मी म्हणतंय. रीतीप्रमाणे आधी पाणी, माठातलं, गार. पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच उकळता चहा. मालती पाणी प्यायली, लगेच चहा. मी तिच्या दाताकडे पाहत बसलो. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आमच्या ताईले पहिल्यांदाच पाहून राहिले का?"
गार लागलं की भरण आक्रसतं, कढत लागलं की फुगतं. दात तेवढा नाही. फट उघडते, मिटते, उघडते. मी तपासलेले दात शाईत एका जागी पडून होते. त्यांना कोणी पाणी-चहा विचारला नव्हता.

१९ मे
उरलेले दात भरून आळीपाळीने गार पाण्यात, कढत चहात. मग शाई. फोडले. निळं तळापर्यंत.
मालती मागे उभी. "असंच माझ्या तोंडात चाललंय?"
हो.
"आणि तुम्ही म्हणाला होतात..."
म्हणालो होतो.

२३ मे
सकाळपासून तिला ठणका. भरण काढलं. आत मऊ, तपकिरी. नस जवळ. लवंगतेलाचं सिमेंट भरलं. लवंगतेल लागलेल्या खळग्यात माझं पांढरं भरण नीट घट्ट होत नाही, हे ठाऊक होतं. तरी सिमेंटच भरलं. ठणक्याने तिला बसवत नव्हतं.
अकोल्याच्या सरांना विचारतो, म्हटलं.
"दात कोणाचा?"
तुझा.
"मग आधी मला विचारा."
विचारलं. काढू, की पुन्हा प्रयत्न करू?
जिभेने सिमेंट चाचपत राहिली. "कडू आहे," म्हणाली. "ठणका थांबू दे, मग मी सांगते."