फुलोऱ्यावर गेलेला कोबी

बॉथवेल, टास्मानिया
१८ मार्च १९६८

ती. लॉर्नाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. होबार्टच्या परसात कोबी कधी लावू, हे तू मला विचारावंस याची गंमत वाटली. लहानपणी वाफ्यात पाय टाकायचं तुझ्या जिवावर यायचं. असो. हिवाळा काढून वसंतात कापायचा असेल, तर बी फेब्रुवारीअखेर पेरायचं आणि जूनच्या थंडीआधी, एप्रिलमध्ये रोपं लावायची. रोपाचा दांडा पेन्सिलीहून जाड नको. जाड रोपाने इथली थंडी खाल्ली की ते वसंतात फुलोऱ्यावर जातं आणि खायला काही उरत नाही. जमिनीत चुना घाल आणि बूड घट्ट दाब. पान ओढल्यावर पान फाटावं, रोप हलू नये.

हे सगळं मला बाबांनीच शिकवलं, म्हणून पुढचं लिहिताना हात अडतो. या वर्षी त्यांनी नववर्षाच्या दिवशीच बी पेरलं आणि गेल्या आठवड्यात अंगठ्याएवढी जाड अठरा रोपं लावली. मी पेन्सिलीची आठवण केली, तर म्हणाले, मला डोळे आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला दोनदा तुझ्या नावाने हाक मारली. त्यांना एकट्याने राहू द्यायचं की नाही हे वर्षअखेरीस ठरवू, असं तू म्हणाली होतीस, म्हणून कळवतो.

मुलांना पापे. लोभ आहेच, उपदेशाने तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा,
क्लाइव्ह

होबार्ट
२ एप्रिल १९६८

चि. क्लाइव्ह यास,
अ. आ.

रोपं लावली. तू सांगितलंस तसं पान ओढून पाहिलं, तर रोपच हातात आलं. हसू नकोस, पुन्हा लावलंय.

बाबांचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. आई गेली तेव्हा ते चौऱ्याहत्तरचे होते. आता एकोणऐंशी म्हणजे काही थोडं नव्हे. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नवीन गोष्टी विसरल्या तर चालतं, पण माणूस जन्मभराच्या कामात चुकायला लागला की सावध व्हावं. बाबा कोबीत चुकले, याहून मोठी खूण मला तरी सुचत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. नुसतं बघ आणि मला कळवत जा.

तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
लॉर्ना

बॉथवेल
८ सप्टेंबर १९६८

ती. लॉर्नाताईस,
सा. न. वि. वि.

यंदा बर्फ दोनदा पडला, कोकरं तरी बरी जगली. बाबांची प्रकृती ठणठणीत आहे. बाकीचं सांगतो.

त्या अठरा रोपांनी हिवाळ्याआधी चांगले गड्डे धरले होते. जुलैत मी एक मागितला, तर हात लावू दिला नाही. इतके दिवस ते गड्डे तिथेच उभे होते. परवा गेलो तर बाबा सुरी घेऊन रांगेतून फिरत होते आणि प्रत्येक गड्ड्याच्या डोक्यावर फुलीसारखा छेद देत होते. शेजारचा फ्लॉवर त्यांनी मुळासकट उपटून मेंढ्यांना टाकला होता, चांगला जोमदार फ्लॉवर. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, हा इथे नको. चेहरा अगदी शांत होता. मला खरंच भीती वाटली, ताई.

काय करायचं ते तूच ठरव. मला रोज त्यांचं तोंड बघावं लागतं.
तुझा,
क्लाइव्ह

होबार्ट
२० ऑक्टोबर १९६८

चि. क्लाइव्ह यास,
अ. आ.

सुरीचं वाचलं आणि ठरवलं. इथल्या वृद्धाश्रमात १ डिसेंबरपासून एक खोली मिळते आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. बाबांना मी वेगळं पत्र लिहिलंय. घर भाड्याने द्यायचं, तर लोक बघायला येतील. परसातली ती रांग आता वेडीवाकडी फुलली असेल, ती त्याआधी काढून टाक. येणाऱ्यांना कशाला दिसायला हवी.

मला यात सुख नाही, हे तरी तू समजून घे. घेशील ना?
लॉर्ना

बॉथवेल
२४ नोव्हेंबर १९६८

चि. लॉर्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

खोलीचं कळलं. येतो. दोन पेट्यांत सगळं मावलं.

एक सांगायचं राहिलं होतं. कोबीचं बी हवं असेल तर त्याला एक हिवाळा काढू द्यावा लागतो. मग तो फुलतो आणि पुढच्या उन्हाळ्यात शेंगा वाळतात. गड्ड्यावर फुली मारली नाही, तर फुलाचा दांडा आतच कुजतो. शेजारी फ्लॉवर फुलला, तर पराग मिसळून बी बाटतं. हे सगळं तुझी आई करायची. दर चार वर्षांनी, कोपऱ्यात, कुणाला न सांगता, म्हणून तुम्हा मुलांना कधी दिसलं नाही. तुम्ही जन्मभर जो कोबी खाल्लात तो तिच्या आजीचा, तो दुकानात मिळत नाही. डब्यात शेवटची चिमूट राहिली होती. इतक्या जुन्या बियाण्यातून अठरा रोपं आली, मला तेवढ्याचीही आशा नव्हती. तुम्हा दोघांना एकेक पुडी बांधून देणार होतो.

आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. अलीकडे मी काही बोललो की क्लाइव्ह माझ्याकडे बघत राहतो आणि मग पोस्टात जातो. तुझ्या नावाने त्याला हाक मारतो, ते मात्र खरं आहे. तू फार दिवसांत आली नाहीस.

त्याला बोलू नकोस. रांग उपटण्याआधी त्याने मला विचारलं होतं. शेंगा हिरव्या होत्या, अजून दोन महिने लागले असते. मी उपट म्हणालो. नको म्हटलं असतं, तर तेही त्याने तुला कळवलं असतं.

रविवारी पोचतो.
तुझे,
बाबा