चिलापीचा पहिला तुकडा

बाबा,

सुलैबियाच्या पलीकडे वाळूत खणलेलं तुमचं ते अवाढव्य तळं मला अजून तोंडपाठ आहे. तुम्ही तिथे पाणी तपासायच्या कामाला होतात आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला काठावर उभं करून धडा घ्यायचात. या पाण्याला नदी नाही, झरा नाही. शहराचं सांडपाणी गाळून, औषध घालून इथे सोडतात. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, बदकं येतात, लव्हाळ्यात पाणकोंबड्या अंडी घालतात, पहाटे कोल्हा पाणी प्यायला येतो. कुणीतरी सोडलेली चिलापी तर इतकी माजली होती की काठावरून हाताने धरावी. आई रत्नागिरीची, मासा बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. "एकदा आणा ना," ती म्हणायची. "संडासाचं पाणी आहे ते, अक्कल आहे का?" हे तुम्ही चारचौघांत म्हणायचात.

नव्वद साली इराकी फौजा आल्या. पाणी गाळणारी माणसं पळाली आणि घाण तशीच तळ्यात जाऊ लागली, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. फरवानियातल्या आपल्या खोलीत पीठ संपत आलं, आणि एका सकाळी तुम्ही बादलीभर चिलापी घेऊन आलात. आई एकच तुकडा तळते, बाकीचे तुम्ही फ्रीजमध्ये ठेवायला लावता. वासाने धाकट्या भावाला रडू फुटतं. मी हात पुढे करते, तुम्ही फटकन मारता. "आधी तुमची आई खाईल," तुम्ही म्हणता. ती लाजते हो, बाबा. काटेसुद्धा चोखून खाते.

मग दिवसभर तुम्ही तिला विचारत राहिलात, मळमळतंय का, पोटात कळ येते का. मी तुम्हाला गॅलरीत गाठलं. "आईला काही झालं तर?"

"तर बाकीचे फेकून देऊ," तुम्ही म्हणालात. "मी आडवा पडलो तर तुम्हाला इथून बाहेर कोण काढणार?"

बोलणं बिनचूक होतं, त्याचाच मला आजही संताप येतो. तिला काही झालं नाही. संध्याकाळी आपण सगळे पोटभर जेवलो.

आई आता थकली आहे. काल माझ्या मुलाला सांगत होती, "लढाईत घरात खायला नव्हतं, तरी ह्यांनी पहिला घास मला दिला हो. एवढा जीव होता माझ्यावर." मी मान डोलावली. खरं काय ते कितीदा ओठांवर आलं आणि गिळलं. हे पत्रही तिच्या हाती लागायच्या आत फाडणार आहे. तुम्हाला वाचवतेय असं मात्र समजू नका. तुमच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं तिच्याकडे एवढं एकच आहे.